अंतर जास्त, वेळ कमी! अमेरिकेला जाणारे विमान लांबची वाट का धरते?

मोबाइलवर दिसणारे ‘दोन विमानतळांमधील अंतर’ आणि तिकिटावरचे तास यांचा मेळ का बसत नाही? मुंबई, दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील हवाई प्रवासाचे गणित समजून घेऊया.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, असे मोबाइलवर विचारले की क्षणात उत्तर येते : साधारण १३,५०० किलोमीटर. त्याखाली अंदाजे वेळही असते, बहुतेकदा १५ ते १६ तास. मग तिकिटाच्या साइटवर जावे, तर कुठे १७ तास, कुठे २२, आणि जाताना एक आकडा तर येताना दुसराच. बे एरियातल्या लेकीकडे किंवा मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांचा आणि त्यांचे तिकीट काढणाऱ्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. अंतर तेच, विमानांचा वेगही साधारण सारखाच. मग तासांत इतका फरक कुठून येतो?

याचे पहिले कारण असे, की ‘अंतर’ म्हणून जो आकडा दिसतो, बरोबर तेवढेच अंतर विमान जवळपास कधीच कापत नाही. दुसरे कारण आणखी गमतीचे आहे. जास्त किलोमीटर उडूनही विमान लवकर पोहोचू शकते. एअर इंडियाने ते दाखवूनही दिले आहे.

१३,५०० हा आकडा येतो कुठून?

भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला तर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे म्हणजे पश्चिमेकडे अरबस्तान, युरोप, अटलांटिक महासागर आणि मग अख्खी अमेरिका ओलांडायची, असे वाटते. पण पृथ्वी गोल आहे आणि सपाट नकाशा ध्रुवांजवळचा भाग ताणून दाखवतो. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि दोरा घट्ट ओढा. तो पश्चिमेला जाणारच नाही. तो थेट उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून सरकेल.

हा दोरा लडाखवरून जातो, मग चीनचा शिनजियांग प्रांत, अल्ताई पर्वत, सैबेरिया. पुढे तो आर्क्टिक महासागरात शिरतो आणि ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर पोहोचतो. तिथून अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि मग सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे कॅलिफोर्नियाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता बर्फावरून आहे. गोलावरच्या या सर्वांत लहान वाटेला ‘ग्रेट सर्कल’ अंतर म्हणतात. अंतर सांगणाऱ्या बहुतेक साइट दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हेच अंतर काढतात, त्याला ८५० ते ९०० किमी प्रतितास अशा एका ठरावीक वेगाने भागतात आणि उड्डाण व लँडिंगसाठी अर्धा तास वाढवतात. त्यात ना वारा असतो, ना डोंगर, ना शेजारी देश.

आणि आपल्या भागात या तिन्ही गोष्टी आहेत.

डोंगरांचेच घ्या. विमान ११ किलोमीटर उंचीवर उडते, एव्हरेस्ट नऊ किलोमीटरच्या आत आहे, मग अडचण काय? अडचण विमान ठणठणीत असताना नाही, बिघाड झाल्यावर आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क खाली येतात. साधारणपणे प्रवाशांसाठीचा हा ऑक्सिजन १२ ते २० मिनिटे पुरेल एवढाच असतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान १० हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे. खाली यायला जागाच नाही. म्हणून तिबेट आणि काराकोरम पर्वतराजीवरून जाणारी वाट विमान कंपन्या शक्यतो टाळतात. ज्यांना जायचेच आहे त्यांना जादा ऑक्सिजनची सोय, सुटकेचे आधीच आखलेले मार्ग आणि संबंधित देशाची परवानगी हे सगळे लागते.

१४०० किमी जास्त, तरी दोन तास आधी

आता त्या गमतीकडे येऊ. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. या दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे १२,४०० किमी. सुरुवातीला विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ही वाट साधारण १३,९०० किमीची आणि प्रवास साडेसोळा तासांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. विमान दिल्लीहून पूर्वेकडे उडाले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून गेले. अंतर झाले १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त. वेळ लागला साडेचौदा तास. दोन तास कमी!

भागाकार करून पाहा. अटलांटिकवरून जमिनीच्या तुलनेत सरासरी वेग पडतो ताशी ८४० किमीच्या आसपास. पॅसिफिकवरून तो १,०५० किमीच्या वर जातो. विमान तेच, बोइंग ७७७-२००एलआर. इंजिनेही तीच. हा फरक वाऱ्याचा.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके प्रवासी विमाने उडतात त्याच थरात, वाऱ्याचे अरुंद आणि वेगवान पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपान आणि उत्तर पॅसिफिकवर हिवाळ्यात या पट्ट्यातला वारा ताशी ३०० किमीचा टप्पा सहज ओलांडतो. विमान हवेच्या तुलनेत ९०० च्या वेगाने उडते, पण ती हवाच पुढे सरकत असेल तर तिचा वेग विमानाच्या वेगात मिळतो. वाहत्या नदीतल्या होडीसारखेच हे आहे. वल्हवणाऱ्याचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर गेले तर गाव लवकर येते. बारावीला आणि मग इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही होडी-नदीची जी गणिते नाइलाजाने सोडवली, त्यांच्यावर विमान कंपन्यांचे कोट्यवधी रुपये अवलंबून असतात, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर वर्गात जरा जास्त लक्ष लागले असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्या २०१६ च्या उड्डाणाच्या वेळीही तो बराच फिरला. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते’ हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि त्यातले विमानही. तसे नसते तर पुण्याच्या वर हेलिकॉप्टर चार मिनिटे स्थिर ठेवले असते की खाली आपोआप अलिबागचा किनारा आला असता. एक्स्प्रेस-वेचा टोल भरायची वेळच आली नसती. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीमुळे वारे निर्माण होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडे वळतात. फिरण्याचा संबंध आहे तो एवढाच, वाऱ्यामार्फत.

त्या उड्डाणानंतर एअर इंडियाने ‘जगातील सर्वांत लांबचे विनाथांबा नियमित उड्डाण’ असा दावा केला होता. तो प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर होता. जगभरातल्या याद्या मात्र सहसा सरळ अंतरावर बनतात. त्या हिशेबाने तेव्हा दुबई-ऑकलंड, सुमारे १४,२०० किमी, पुढे होते. आज सिंगापूर-न्यूयॉर्क हे १५,३०० किमीहून थोडे अधिक सरळ अंतर असलेले उड्डाण आघाडीवर आहे आणि त्याला वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. वारा पाहून तेही रोज वेगळी वाट धरते.

येताना काय होते?

जाताना पाठीशी असलेला वारा त्याच वाटेने येताना तोंडावर येतो. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोहून भारताकडे येताना कंपन्या वेगळा विचार करतात. त्यातला एक पर्याय ध्रुवाजवळून येण्याचा. एअर इंडियाने १५ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवीय मार्गाने नेले. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू या पहिल्या थेट उड्डाणाची मोठी चर्चा झाली. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली कॉकपिटमधील सर्व वैमानिक महिला होत्या आणि विमान उत्तर ध्रुवावरून आले. दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे १४,००० किमी, प्रवास मात्र जवळपास १६,००० किमीचा आणि १७ तासांच्या आसपास.

ध्रुवाजवळच्या वाटेवर उलटा वारा तुलनेने कमी लागतो. पण तिची स्वतःची दुखणी आहेत. बाहेरचे तापमान इतके खाली जाते की इंधनावर लक्ष ठेवावे लागते. विमानांच्या जेट ए-१ इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस आहे. इंधन त्याच्या जवळ येऊ लागले तर खाली उतरून कमी थंड हवेत जायचे किंवा वेग वाढवायचा, असे उपाय असतात. शिवाय खाली मैलोन् मैल विमानतळ नाही.

शेजाऱ्यांनी दार लावले तर?

वारा आणि डोंगर यांचे गणित संगणक सोडवतो. तिसऱ्या गोष्टीचे गणित त्याच्या हातात नाही. ती म्हणजे हवाई हद्द.

भारतातून उत्तरेकडे, मध्य आशियाकडे जायचे तर मध्ये एकतर पाकिस्तान आहे किंवा चीन, आणि चीनच्या बाजूला ते डोंगर. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगाम हल्ल्यानंतरच्या तणावात, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. याचा अर्थ काय होतो, ते इंडिगोच्या एका निर्णयातून कळते. अल्माटी आणि ताश्कंद ही शहरे नकाशावर आपल्या डोक्यावरच आहेत. तरीही वळसा घालून गेले तर ती आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर जातात, असे सांगून कंपनीला तिथली उड्डाणे थांबवावी लागली.

अमेरिकेच्या लांब उड्डाणांवर तर थेट परिणाम झाला. दिल्लीहून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून जायला पाकिस्तान लागत नाही. पण वारा, हवामान पाहून ‘आज पूर्वेने की उत्तरेने’ हे ठरवण्याची मोकळीक गेली. ध्रुवाकडून किंवा युरोपवरून येणाऱ्या विमानांना अरबी समुद्रापर्यंत वळसा पडू लागला. उत्तर अमेरिकेहून येणारी काही विमाने व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. सॅन फ्रान्सिस्को-मुंबई विमानाला कोलकात्यात थांबा द्यावा लागला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मुंबईला येताना मध्ये कोलकाता, हे ऐकायला विचित्र वाटते. पण वाट पॅसिफिकवरून असेल तर भारताचे दार तिकडेच उघडते.

एअर इंडियाने सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित केली. विमानांच्या नूतनीकरणामुळे त्यांची कमतरता आहे आणि पाकिस्तानची हद्द बंद आहे, ही दोन कारणे कंपनीने दिली. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा भार पडेल, असा कंपनीचा अंदाज होता. याआधी २०१९ मध्ये, बालाकोटनंतर हद्द बंद होती, तेव्हा २ जुलैपर्यंत एअर इंडियाचा तोटा ४९१ कोटी रुपये झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

रशियाची गोष्ट याच्या उलट आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. भारतीय कंपन्यांना येते. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबई-नेवार्क ही उड्डाणे थांबवली आणि एअर इंडियाला मोकळे मैदान मिळाले. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा तिने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू केली. एका शेजाऱ्याने दिलेला फायदा तीन वर्षांत दुसऱ्याने काढून घेतला.

या फायद्यालाही किंमत आहेच. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एआय १७३ विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान या शहरात उतरले. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. ओखोत्स्क समुद्राकाठच्या या छोट्या शहरात इतक्या लोकांना पुरतील एवढी हॉटेले नव्हती. अनेकांना वसतिगृहांसारख्या ठिकाणी जमिनीवर गाद्या टाकून झोपावे लागले. कंपनीने दुसरे विमान पाठवले आणि ८ जूनला प्रवासी अमेरिकेकडे निघाले. दोन इंजिनांच्या विमानाची वाट आखताना ‘एक इंजिन बंद पडले तर ठरलेल्या मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ’ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. मगादान हा तसाच कागदावरचा विमानतळ होता. त्या दिवशी तो खरोखर लागला. नियमाने आपले काम चोख केले, पण विमानाला धावपट्टी मिळणे आणि सव्वादोनशे माणसांना पांघरूण मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन

‘मग टाकी फुल्ल करून निघायचे की!’ असे वाटणे साहजिक आहे. पण विमानाचे गणित मोटारीसारखे नाही. ७७७-२००एलआरच्या मूळ टाक्यांत सुमारे १.८ लाख लिटर इंधन मावते. लांबच्या उड्डाणात जादा भरलेल्या प्रत्येक टनापैकी दर तासाला अंदाजे तीन ते चार टक्के इंधन केवळ ते वजन वाहण्यातच जळते. १६ तासांच्या प्रवासाला दहा टन जादा घेतले तर पोहोचेपर्यंत त्यातले चार-पाच टन असेच संपलेले असतात.

त्यात उड्डाणाच्या कमाल वजनाची मर्यादा आहे. वळसा वाढला की इंधन वाढते, इंधन वाढले की तेवढे सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात. दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ ला असताना हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते आणि ही मर्यादा आणखी खाली येते. म्हणून रिकाम्या सीट ठेवून विनाथांबा जायचे की भरलेले विमान मध्ये एकदा उतरवायचे, हा निर्णय कंपनीला घ्यावा लागतो. दोन्हीचा खर्च शेवटी भाड्यात दिसतो. या विमानाला तासाला साधारण सात टन इंधन लागते. दोन तास वाचले म्हणजे १४ टन इंधन आणि ४० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला.

ही सगळी आकडेमोड रोज नव्याने होते. विमान सुटण्याच्या काही तास आधी वाऱ्याचा ताजा अंदाज, बंद असलेल्या हद्दी, विमानाचे वजन हे सगळे घालून त्या दिवसाची वाट निघते. त्यात पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके राखीव इंधन धरावेच लागते. म्हणून आज तुमच्या काकांचे विमान ट्रॅकरवर जपानच्या बाजूने दिसले आणि पुढच्या आठवड्यात मावशीचे भलतीकडून, तर घाबरायचे कारण नाही.

तिकीट काढताना काय पाहायचे?

पहिली गोष्ट म्हणजे ‘नॉन-स्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ यांतला फरक. नॉन-स्टॉप विमान मध्ये कुठेही उतरत नाही. डायरेक्टमध्ये उड्डाण क्रमांक एकच असतो, पण मध्ये थांबा असू शकतो. इंधनासाठीच्या थांब्यात प्रवासी सहसा आतच बसून राहतात. वयस्कर आई-बाबांसाठी विमान बदलायचे नसणे, हीच मोठी सोय असते. त्यामुळे डायरेक्टही वाईट नाही, पण त्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. मध्येच विमान खाली यायला लागले की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय होते, ते वेगळे सांगायला नको. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगा. आधीचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट तारखेची. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान १६ तासांनी उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचते ते त्याच दिवशी सकाळी साडेसात वाजता. घड्याळ फक्त साडेतीन तास पुढे गेलेले दिसते. येताना नेमके उलट. सोमवारी सकाळी १० ला तिथून निघून साडेसोळा तास प्रवास केला, तर इथे मंगळवारचे दुपारचे ३ वाजलेले असतात. बेंगळुरूचे ते पहिले विमान ९ जानेवारीला रात्री निघून ११ जानेवारीला पहाटे उतरले होते, ते याच हिशेबाने. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या शहराच्या असतात. त्यांची वजाबाकी करू नका, ‘एकूण कालावधी’ हा रकाना पाहा.

आणि हा फरक वर्षभर सारखा नसतो. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. भारत आणि कॅलिफोर्निया यांच्यातले अंतर उन्हाळ्यात साडेबारा तासांचे, हिवाळ्यात साडेतेरा तासांचे. दिवाळी उरकून निघणाऱ्यांचे तिकीट बहुधा याच बदलाच्या आसपास येते, तेव्हा विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला वेळ सांगताना तो एक तास तपासून घ्या.